ग्रिड सांभाळणारी कॉम्प्युटर सिस्टीम बदलताना देशभर लाइट बंद ठेवावी लागते का?

नाही हो, एक मिनिटसुद्धा नाही. मी नाशिकरोडचा, त्यामुळे इथल्या एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्राचंच उदाहरण देतो. तिथल्या 210 मेगावॅटच्या युनिटमध्ये किती वीज बनतेय तो आकडा दर काही सेकंदांनी कळव्याच्या लोड डिस्पॅच सेंटरला, म्हणजे राज्यातल्या विजेचा ताळमेळ ठेवणाऱ्या केंद्राला जातो, तिथून पुढे मुंबई आणि दिल्लीच्या अशाच केंद्रांना. नवीन सिस्टीम आली की जुनी लगेच काढत नाहीत, दोन्ही शेजारी शेजारी चालवतात आणि तोच आकडा दोन्ही स्क्रीनवर सारखा दिसतो का ते बघतात. खरं किचकट काम हेच, कारण सबस्टेशनमधला एकेक ब्रेकर, म्हणजे लाइन चालू-बंद करणारा मोठा स्विच, फोनवर बोलून तपासायचा, "उघडला, दिसला का?" असं हजारो पॉइंटचं, आणि एखादा उलटा जोडला गेला तर बंद लाइन चालू दिसणार, मग ऑपरेटर चुकीचा निर्णय घेणार, म्हणून इथे घाई करूच नये असं मला मनापासून वाटतं.

आणि स्क्रीन मधेच गेली तरी लगेच अंधार होत नाही, मागणी वाढून ग्रिडची फ्रिक्वेन्सी 50 हर्ट्झवरून घसरली की टर्बाइनचा गव्हर्नर, म्हणजे तिचा वेग सांभाळणारं यंत्र, आपोआप वाफ वाढवतो, त्याला दिल्लीला विचारावं लागत नाही. तोवर बॅकअप सेंटर असतंच, नाहीतर फोनवरून सूचना.