विद्यापीठात सायन्स सोडून बाकी जे संशोधन चालतं तो नुसता टाइमपास असतो का?

नाही. हाच प्रश्न माझा मावसभाऊ दरवर्षी गणपतीत मोदक हाणता हाणता विचारतो, म्हणून लिहायला बसले. तो मुंबईतल्या माटुंग्याच्या संस्थेतून रसायनशास्त्रात पीएचडी, मी मुंबई विद्यापीठाच्या कलिना संकुलातून समाजशास्त्रात. त्याच्या मते मी "चार कोळणींशी गप्पा मारून" डॉक्टर झाले.

विषय होता वेसाव्यातल्या, म्हणजे मुंबईतल्या वर्सोव्याच्या, मासे विकणाऱ्या बायकांची कमाई. पहिल्या दिवशी पहाटे छापील प्रश्नावली घेऊन बंदरावर गेले. पहिलाच प्रश्न, मासिक उत्पन्न किती? समोरची मावशी बोंबील निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "महिना कसला गो? उधाणाचं विचार, भांगाचं विचार." बोंबलाची डोल जाळी पाण्याच्या ओढीवर चालतात. उधाणाला, म्हणजे अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास, ओढ जोरात, जाळं भरतं. भांगाला, म्हणजे अष्टमीच्या आसपास, ओढ मंद, पाटीचा तळ दिसतो. त्यात 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद. या सगळ्याची मासिक सरासरी काढली तर येणारा आकडा कुणाच्याच घरातला नसतो. सगळ्या प्रती रद्दीत घातल्या आणि तिथीप्रमाणे वही आखली. मोजायचं उपकरणच चुकीचं निघालं तर लॅबमध्ये काय करतात, ते मावसभावाने सांगावं.

देशाचा एकूण जननदर 2.0 वर आला, म्हणजे एका बाईमागे सरासरी दोन मुलं, हे 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातून कळलं. ते काम आपल्या देवनारच्या लोकसंख्या विज्ञान संस्थेकडे होतं आणि तेही दारोदार जाऊन बायकांना विचारूनच झालं. त्या कामाला मात्र मावसभाऊ गप्पा म्हणत नाही.

तुम्हाला हल्लीचं काम बघायचं असेल तर शोधगंगा या वेबसाइटवर भारतीय विद्यापीठांतले पीएचडीचे प्रबंध फुकट वाचायला मिळतात. निष्कर्ष नंतर, आधी संशोधनपद्धतीचं प्रकरण उघडा. तिथे कुठेच काही फसलेलं दिसलं नाही तर तो माणूस फिल्डवर गेलाच नाही असं खुशाल समजा.

कचरा भरपूर आहे, हे मान्य. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2016 च्या पीएचडी नियमांत प्रबंध देण्याआधी एक शोधनिबंध छापून आणणं सक्तीचं होतं, त्यामुळे पैसे घेऊन आठवड्यात छापून देणाऱ्यांची चांदी झाली. ती सक्ती 2022 साली गेली. त्या छापणाऱ्यांच्या दारात रसायनवालेही रांगेत असायचे, हं. मीही 1,800 रुपये भरून एक छापलाय. मावसभावाला अजून माहीत नाही.