कोंबडीच्या कलेजीचा पॅटे कडू आणि रवाळ का होतो?

पॅटे म्हणजे कलेजी लोण्यासोबत वाटून केलेला, पावावर लावून खायचा मऊ फ्रेंच पदार्थ. तुम्ही लिहिलंय की कलेजी मोठ्या आचेवर छान परतली, लोणी घालून मिक्सरमधून काढली, तरी पॅटे कडवट लागला आणि जिभेला रवाळही. ही दोन वेगळी दुखणी आहेत.

कडूपणा पित्ताचा. कोंबडी साफ करताना पित्ताची पिशवी फुटली की कलेजीवर हिरवट डाग पडतो. तो धुऊन जात नाही, तेवढा भाग कापूनच टाकायचा. एवढ्याशा तुकड्याने अख्खं भांडं कडू होतं. म्हणून मी प्रत्येक कलेजी उजेडात उलटसुलट करून बघते. मधल्या पांढऱ्या शिराही काढते. मग तासभर दुधात बुडवून फ्रीजमध्ये ठेवते, त्याने उग्र वास उतरतो. दूध फेकून द्यायचं आणि कलेजी कापडाने कोरडी टिपायची.

रवाळपणा मात्र आपल्या सवयीतून येतो. कलेजी म्हटलं की आपण ती तव्यावर खरपूस होईपर्यंत परततो. फ्रेंच पॅटेला ते चालत नाही. जास्त तापल्यावर प्रथिनं आक्रसतात, पाणी बाहेर पडतं आणि मग मिक्सर कितीही फिरवा, रवा राहतोच.

माझं प्रमाण असं: साफ केलेली अर्धा किलो कलेजी, 200 ग्रॅम बिनमिठाचं लोणी, दोन मध्यम कांदे, दोन लसूण पाकळ्या, तीन चमचे ब्रँडी, मिरपूड, चिमूटभर जायफळ. पिवळं खारं लोणी असेल तर मीठ शेवटी, चाखूनच घाला. पाव भाग लोण्यात कांदा-लसूण मंद आचेवर मऊ करा, लाल नको. त्यात कलेजी एका थरात पसरून मध्यम-मंद आचेवर दोन्ही बाजूंनी शिजवा. गॅस बंद करून ब्रँडी ओता, पुन्हा पेटवून ती आटवा. ब्रँडी नको असेल तर चमचाभर व्हिनेगर पुरतं.

किती शिजवायची, हा खरा प्रश्न. जुन्या पद्धतीत आतून गुलाबी ठेवतात आणि पोत त्याने सुरेख येतो, हे मान्य. पण कॅम्पिलोबॅक्टर हा जिवाणू कलेजीच्या आतही असू शकतो, त्यामुळे नुसती वरून भाजून भागत नाही. घरात म्हातारी माणसं आणि मुलं असतात, म्हणून मी गुलाबी ठेवत नाही. थर्मामीटर सर्वांत जाड तुकड्यात खुपसून 74 अंश सेल्सिअस आले की लगेच उतरवते. त्यापुढे एक मिनिटही नाही. मऊपणाची उरलेली कसर लोणी भरून काढतं.

कलेजी कोमट होऊ द्या. कढत घालून मिक्सरचं झाकण लावलं तर ते वाफेने उडतं, शिवाय लोणी वितळून तेल सुटतं. उरलेलं लोणी गार तुकड्यांत, एकेक करून फिरवत घाला. तरी फुटलंच तर दोन चमचे थंड साय घालून पुन्हा फिरवा. मग बारीक चाळणीतून चमच्याने दाबून गाळा. हात दुखतो, पण रेशमी पोत इथेच मिळतो. थंड पदार्थात मीठ कमी जाणवतं, तेव्हा गरम असताना किंचित पुढे ठेवा.

हवा लागली की पॅटेचा वरचा थर करडा पडतो. फ्रान्समध्ये त्यावर कढवून निवळलेलं लोणी ओततात. म्हणजे आपलं साजूक तूपच! वाटीत पॅटे दाबून भरा, वर अर्धा सेंटिमीटर पातळ तूप ओता आणि फ्रीजमध्ये ठेवा. चार दिवसांत संपवा, तुपाचा थर मोडल्यावर दोन दिवसांत. गरोदर बाईला मात्र देऊ नका, कलेजीत अ जीवनसत्त्व फार असतं.

खाण्याआधी अर्धा तास बाहेर काढा. मला तो भाजलेल्या कडक पावावर आवडतो. गोव्याचा उंडो मिळाला तर उत्तमच, आणि बाजूला व्हिनेगरमधली काकडी.