अंदमानला पहिल्यांदा जाताय ना दोघं, मग एवढं बघा

अभिनंदन आधी! तुमचा प्लॅन वाचला, पाच दिवसांत तीन बेटं म्हणजे निम्मा वेळ जेटीवर बॅगा ओढण्यात जाईल, आरामाला जाताय ना, मग हॅवलॉकला (आता स्वराज द्वीप) सलग तीन रात्री राहाच, नील बेटाचं (आता शहीद द्वीप) पुढच्या वेळी बघू.

रिसॉर्ट बुक करताना फक्त फोटो बघू नका. हॅवलॉकच्या विजयनगर, गोविंदनगर किनाऱ्यांकडे ओहोटीला पाणी लांब जातं आणि खाली खडक नि मेलेलं कोरल उघडं पडतं, तिथे पोहता येत नाही, बसायला मात्र मस्त. पोहायला तिथलाच राधानगर बीच, पांढरी मऊ वाळू आहे.

आणि हो, तिथे हिवाळ्यात पाचच्या आसपास सूर्य मावळतो! आपल्या नाशिकच्या सवयीने चहा घेऊन साडेपाचला निघालात तर अंधारच मिळेल, सूर्यास्त बघायला तीनलाच निघा.

बाकी,
- परतीच्या फ्लाइटच्या आदल्या रात्री पोर्ट ब्लेअरलाच (आता श्री विजयपुरम) मुक्काम, हवा बिघडली की बेटांमधली फेरीबोट रद्द होते
- रोख पैसे जवळ ठेवा, नेटवर्क दगा देतं
- शंख-कोरल उचलू नका, एअरपोर्टवर अडवतात

मुंबईहून पहाटेची फ्लाइट असेल तर आदल्या संध्याकाळीच निघा, कसारा घाटातल्या ट्रॅफिकचा भरवसा नाही. स्कूबाचं नंतर सांगतो, आधी तिकिटं काढा.