हद्दखुणा : वाचकांचे प्रश्न, निवृत्त भूकरमापकाची उत्तरं

प्रश्न : मुलगा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत युक्रेन युद्धाचे व्हिडिओ घेऊन बसतो. ते कुठल्या गावातले, कुठल्या चौकातले हे शोधून कुठल्या कुठल्या देशांतल्या अनोळखी लोकांना कळवतो. म्हणतो, "आई, ही हेरगिरी नाही, सगळं उघड्यावरचंच आहे." मे २०२५मध्ये, पाकिस्तानशी संघर्ष पेटला होता तेव्हा, ओझरच्या हवाई तळाच्या बाजूने आलेल्या विमानांचा व्हिडिओ त्याने गच्चीवरून काढला आणि टाकणार, तेवढ्यात मी फोन हिसकावला. माझं चुकलं का? – एक आई, इंदिरानगर

उत्तर : ताई, फोन हिसकावलात ते उत्तम. पण रात्रीच्या उद्योगाला टाइमपास म्हणू नका. मी ३१ वर्षं मोजणी केली आणि मला हे काम ओळखीचं वाटतं. बांधाच्या वादात दोन्ही शेतकरी छातीठोकपणे सांगतात, हद्द इथेच होती. आपण दोघांचंही ऐकून घ्यायचं आणि न हलणारी खूण शोधायची : जुनी विहीर, गाडलेला दगड, देवळाचा कळस. युद्धातला व्हिडिओ हाही तसाच छातीठोक शेतकरी.

नाशिकचंच उदाहरण घ्या. फोटोत रामशेज किल्ला आणि चामरलेण्यांचा डोंगर दोन्ही दिसतायत. चामरलेणी रामशेजच्या उजवीकडे असेल तर फोटो मखमलाबादच्या अंगाने काढलाय, डावीकडे असेल तर आडगावच्या. तिसरी खूण मिळाली, एखादी पाण्याची टाकी म्हणा, की माणूस कुठे उभा होता ते कागदावर सापडतं. आम्ही प्लेन टेबलवर, म्हणजे तिपाईवरच्या नकाशाच्या फळीवर, हेच करायचो. ही मुलं उपग्रहाच्या नकाशावर करतात, आणि चहासुद्धा घरचाच पितात.

वेळ सावलीवरून. नाशिक वीस अंशांच्या अक्षांशावर. २० मेच्या आसपास दुपारी साडेबाराला इथे उभ्या खांबाला सावलीच नसते. डिसेंबरच्या शेवटी त्याच सुमाराला ती जवळजवळ खांबाएवढी असते, उत्तरेकडे. त्यामुळे 'डिसेंबरातली भर दुपार' म्हणून दाखवलेल्या चित्रात सावल्या पायाखाली असल्या, तर सांगणारा खोटा.

या कामाचं सगळ्यात मोठं उदाहरण मलेशिया एअरलाइन्सच्या एमएच १७ या प्रवासी विमानाचं. १७ जुलै २०१४ला ते पूर्व युक्रेनवर पाडलं गेलं, २९८ माणसं गेली. इंग्लंडमधल्या लेस्टरमध्ये घरी बसून काम करणाऱ्या एलियट हिगिन्स यांनी त्याच आठवड्यात 'बेलिंगकॅट' हे उघड्यावरच्या माहितीतून शोध घेणारं संकेतस्थळ सुरू केलं होतं. दोनेत्स्क, स्निझ्ने भागातल्या लोकांनी जाता जाता काढलेल्या फोटोंत 'बुक' या विमान पाडणाऱ्या क्षेपणास्त्राचा गाडा ट्रेलरवर दिसत होता. या मंडळींनी कुठे पाहिलं? गाड्याच्या रणगाड्यासारख्या साखळी-पट्ट्यांवर जी झालर असते, तिच्या झिजलेल्या, वाकलेल्या कडेकडे. जूनमध्ये रशियातल्या कुर्स्कहून निघालेल्या ताफ्याच्या व्हिडिओत तीच कड सापडली. बैलगाडीच्या दोन धावा कधी सारख्या झिजतात का? मे २०१८मध्ये आंतरराष्ट्रीय तपास पथकानेही गाडा रशियन सैन्याच्या कुर्स्कमधल्या ५३व्या ब्रिगेडचा असल्याचं सांगितलं. नोव्हेंबर २०२२मध्ये डच न्यायालयाने तिघांना गैरहजेरीत जन्मठेप दिली. रशिया मात्र कानावर हात ठेवतो.

उपग्रहाचंही अवाजवी कौतुक नको. युरोपचा सेंटिनेल-२ साधारण पाच दिवसांनी तीच जागा टिपतो, चित्रं फुकट मिळतात. पण त्याचा एक ठिपका दहा मीटर गुणिले दहा मीटर, म्हणजे जवळजवळ एक गुंठा. एका गुंठ्यात रणगाडा ओळखणार कसा? जळालेलं शेत, नवा खणलेला चर, नाहीसं झालेलं गोदाम, एवढं कळतं. बाकी जमिनीवरच्या फोटोंवर.

आता गच्चीकडे येऊ. ज्या विद्येने तुमचा मुलगा परक्या गावातला चौक शोधतो, त्याच विद्येने दुसरं कुणी तुमची गच्ची शोधेल. मागे पांडवलेण्यांचा डोंगर, कठड्याची सावली, विमानांची दिशा. त्याला आणखी काय हवं? मुंबईवरच्या २००८च्या हल्ल्यात कमांडो कसे उतरतायत ते टीव्हीवर थेट दिसत होतं, आणि २०१२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर कडक ताशेरे ओढले. २६ एप्रिल २०२५ला माहिती-प्रसारण मंत्रालयाने सैन्याच्या हालचाली थेट दाखवू नका असं बजावलं, ९ मेला संरक्षण मंत्रालयाने पुन्हा. युक्रेनने तर मार्च २०२२मध्ये आपल्याच सैन्याच्या हालचाली प्रसिद्ध करणं गुन्हा ठरवलं. ओझरचा हवाई तळ, देवळालीचा तोफखाना, नाशिकच्याच गांधीनगरचा लष्करी विमानतळ, सगळं अंगणात असलेल्या गावात हे मुलाला कळलंच पाहिजे. हे त्याच्या बापाने नाही, तुम्हीच सांगा. फोन तुम्ही हिसकावलाय.

प्रश्न : फॉरवर्ड आलेला व्हिडिओ खरा की खोटा, आमच्यासारख्या साठी उलटलेल्यांनी कसं ओळखायचं? – एक वाचक, नाशिकरोड

उत्तर : मला विचारताय? त्याच मे २०२५मध्ये रात्रीच्या आभाळात बाण सुटावेत तशा तोफा डागल्या जातानाचा व्हिडिओ मी जुन्या सहकाऱ्यांच्या ग्रुपवर टाकला, वर 'जय हिंद' लिहून. नातीने पाहिला आणि म्हणाली, "आजोबा, हा 'आर्मा ३' आहे." व्हिडिओ गेम! हाच गेम काही वर्षांपासून युक्रेन, गाझा असल्या नावांनी फिरतोय. तिने खूण दाखवली : कॅमेरा जराही हलत नाही, धूर एकसारखा, आणि एवढ्या गदारोळात माणसाचा एकही आवाज नाही. तेव्हापासून मी व्हिडिओ थांबवून त्यातलं एक चित्र उलट शोधतो, म्हणजे ते चित्रच इंटरनेटच्या शोधात टाकून आधी कुठे आलंय का ते बघतो, जुन्या तारखेला सापडलं तर पुढे पाठवत नाही. आणि फोडणीत तेल उडालं की हात मागे घेतो तसं, खूप राग आणणारा व्हिडिओ आला की आधी फोन ठेवतो.

प्रश्न : सोसायटीच्या ग्रुपवर एका भाडेकरूचा फोटो फिरतोय. 'व्हिडिओतला हेर हाच.' काय करू? – नाव नको, पंचवटी

उत्तर : फोटो काढायला लावा, आजच. २०१३मध्ये बोस्टन मॅरेथॉनमधल्या स्फोटांनंतर रेडिट या इंटरनेटवरच्या चर्चामंचावरच्या हजारो जणांनी असंच चेहरे जुळवून निरपराध विद्यार्थ्याला गुन्हेगार ठरवलं, त्याच्या घरच्यांचे फार हाल झाले. डोंगर नाव चुकीचं लागलं म्हणून रडत नाही, माणूस रडतो. मुरलेले शोधकही चेहऱ्यापाशी थांबतात, आधी जागा आणि वेळ पक्की करतात. खरंच संशय असेल तर पोलीस ठाण्यात जाऊन सांगा, ग्रुपवर नको. आणि त्या भाडेकरूला एकदा चहाला बोलवा. कुठल्या गावचा आहे तेही सोसायटीत कुणाला माहीत नसेल.