संकल्पातले ‘कशासाठी’

प्रश्न : माझे वय ४४ आहे. सांगली जिल्ह्यातल्या एका गावात मी राहते. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असताना लग्न झाले आणि शिक्षण सुटले. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठातून पदवी पूर्ण करायची, असा निश्चय मी दर पाडव्याला करते. दोनदा प्रवेशही घेतला. मराठी आणि इतिहास हेच जुने विषय ठेवले. पुस्तके आली, ती अजून कपाटावर प्लॅस्टिकच्या पिशवीत तशीच आहेत. धाकट्या जाऊबाई पदवीधर आहेत. चारचौघांत त्यावरून बोलणे निघाले की फार लागते. वेळ अजिबात मिळत नाही असेही नाही. बचत गटाचा हिशेब आठ वर्षे मीच ठेवते आणि गावातल्या बायकांचे बँकेचे, पंचायतीचे अर्जही मीच लिहून देते. त्यात दुपार कशी जाते ते कळत नाही. माझ्यात चिकाटीच नाही का? यंदा पुन्हा प्रवेश घ्यावा, की हा नाद सोडावा?

उत्तर : चिकाटीची शंका आधी मनातून काढून टाका. सलग आठ वर्षे गटाचा हिशेब ठेवणाऱ्या बाईला चिकाटी नाही, असे मी तरी म्हणणार नाही. अडचण दुसरीकडे आहे, आणि ती समजून घ्यायला आपल्याच घरातले एक उदाहरण पुरेसे आहे.

सत्यनारायणाच्या पूजेला गुरुजी यजमानाच्या हातावर पाणी घालून संकल्प सांगतात, तो या खेपेस लक्ष देऊन ऐका. त्यात शालिवाहन शक, संवत्सर, मास, तिथी असा काळ येतो. तुमच्या भागात ‘गोदावर्याः दक्षिणे तीरे’ असे ठिकाण येते. करणाऱ्याचे गोत्र आणि नाव येते. आणि मग ‘प्राप्त्यर्थं’, ‘प्रीत्यर्थं’ अशा पदांनी हे कर्म कशासाठी करायचे आहे ते स्पष्ट सांगितले जाते. ‘करिष्ये’ हा शब्द त्यानंतर येतो आणि मगच पाणी ताम्हनात सोडायचे असते. तुमच्या पाडव्याच्या निश्चयात तिथी आहे, नाव आहे, ‘करिष्ये’ आहे. मधले ‘कशासाठी’ मात्र जाऊबाईंच्या बोलण्याने भरले गेले आहे.

ते बोलणे लागते हे मी हलके मानत नाही. अशा अपमानातून माणूस कामाला लागतोही. पण त्याचा जोर प्रवेशअर्ज भरेपर्यंत पुरतो, कारण अर्ज भरला की मनाची आग बरीचशी शांत होते आणि पुढचे वर्षभराचे वाचन कोणाच्याच बोलण्याला उत्तर देत नाही. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ एडवर्ड डेसी यांनी १९७१ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग या संदर्भात विचार करण्याजोगा आहे. त्यांनी विद्यार्थ्यांना ठोकळ्यांची कोडी सोडवायला दिली आणि काहींना मधल्या बैठकीत प्रत्येक कोड्यामागे पैसे दिले. पुढच्या बैठकीत पैसे बंद झाले, तेव्हा मोकळ्या वेळात त्या विद्यार्थ्यांचा ठोकळ्यांतला रस उतरलेला दिसला. पुढे रिचर्ड रायन यांच्यासह त्यांनी जी मांडणी केली, तिच्यात शरमेपोटी, स्वतःवर दडपण आणून केलेली गोष्ट आणि स्वतःला मोलाची वाटते म्हणून केलेली गोष्ट, असा भेद केला आहे. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. फरक दिसतो तो पाहुणे येऊन गेल्यावर, आजारपण होऊन गेल्यावर, पुस्तक पुन्हा हातात घेतले जाते की नाही यात.

आता तुमच्याच पत्रातले एक वाक्य पाहा. अर्ज लिहिण्यात दुपार कशी जाते ते कळत नाही, असे तुम्ही सहज लिहून गेलात. मला मात्र ते साऱ्या पत्रातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य वाटले. खरे कारण आपण सांगतो त्यापेक्षा, कोणी न सांगता जे करतो त्यात पुष्कळदा सापडते. त्या दुपारी तुम्हाला नेमके काय आवडते? अक्षर सुबक उतरणे, की एखाद्या बाईचे अडलेले काम मार्गी लागणे? एखादा अर्ज परत आला, तर तो कोणत्या नियमाने परत आला हे जाणून घ्यावेसे वाटते का? महाराष्ट्रात २०१५ पासून लोकसेवा हक्क कायदा आहे आणि अधिसूचित सेवा ठरावीक मुदतीत देण्याचे बंधन त्याने कार्यालयांवर घातले आहे. हे वाचून पुढे अधिक समजून घ्यावे असे वाटले, तर तुमचे ‘कशासाठी’ त्या दिशेला असण्याचा संभव आहे, आणि मग जुने विषय केवळ जुने म्हणून पुन्हा घेण्याचे कारण उरत नाही. राज्यशास्त्र किंवा लोकप्रशासन यांसारखा विषय घेता येईल का, हे अभ्यासकेंद्रावर समक्ष जाऊन विचारा.

गटाच्या हिशेबाच्या वहीत मागच्या पानावर ‘मला पदवी हवी, कारण’ एवढे लिहा आणि पुढचे वाक्य जाऊबाईंचा उल्लेख न करता पुरे करा. पहिल्याच दिवशी जमले नाही तरी चालेल. दोन-तीन आठवडे जाऊ द्या. कारण मोठे असायला हवे असेही नाही. सुटलेली गोष्ट पुरी करावीशी वाटते, एवढे कारणही पुरेसे आहे, मात्र ते तुमचे असावे. वाक्य पुरे झाले तर प्रवेश घ्या आणि ज्या दुपारी अर्ज लिहिता, त्यांतल्याच दोन दुपारी अभ्यासाला द्या. पुष्कळ प्रयत्न करूनही ते अपुरेच राहिले, तर यंदा प्रवेश घेऊ नका आणि त्याबद्दल स्वतःला दोषही देऊ नका. कपाटावरची पुस्तके तेव्हा गावातल्या एखाद्या शिकणाऱ्या मुलीला देता येतील.