पेज हलकी, पण कोणासाठी?

वेंगुर्ल्याकडच्या एका बाईचं पत्र आलंय, वय ३९. बरंच लांब आहे, म्हणून थोडक्यात तिच्याच शब्दांत देते.

"मावशी, अडीच वर्षांपूर्वी मुंबईला जाऊन वजनाचं ऑपरेशन केलं, स्लीव्हचं. तेव्हा ११८ किलो होते, सव्वा वर्षात ७४ वर आले. आता काटा ८३ दाखवतोय. हे फक्त नवऱ्याला आणि डोंबिवलीच्या बहिणीला माहीत आहे, सासूबाईंना नि वाडीत पित्ताच्या खड्यांचं ऑपरेशन म्हणून सांगितलंय. चार लाख गेले, त्यातले अर्धे कर्जाचे, अजून फेडतोय. नवरा काही बोलत नाही, पण मलाच रात्री झोप लागत नाही. पोट परत मोठं झालं असेल का? परत ऑपरेशन करायला लागेल का? युट्यूबवर पाच दिवसांत पोट रीसेट करायचं डाएट बघितलं, ते करू का? मी तर फारसं जेवतच नाही हो. सकाळी पेज, दुपारी चार घास पिठी-भात, संध्याकाळी चहा, रात्री परत तेच. दुपारी काजू निवडायला बसते तेव्हा चार तुकडे तोंडात जातात तेवढंच. गोळ्या पहिलं वर्षभर घेतल्या, मग सोडल्या, उष्ण पडायच्या. आता गणपती आले, सगळे चाकरमानी येणार, मला आत्तापासून धडकी भरलीय."

गो बाय, आधी हिशोब करू, कारण तू रडत रडत हिशोब केलायस आणि तो चुकलाय. ४४ किलो गेले, ९ परत आले, म्हणजे पाच गेले त्यातला एक परत आला नि चार अजून गेलेलेच आहेत. ऑपरेशननंतर वर्ष-दीड वर्षात वजन सगळ्यात खाली जातं आणि मग बहुतेकांचं थोडंफार वर येतंच, याला ऑपरेशन फेल गेलं म्हणत नाहीत. चार लाख पाण्यात गेले हे डोक्यातून काढ. पण नऊ किलो म्हणजे तांदळाची बऱ्यापैकी पिशवी झाली, तिच्याकडे काणाडोळा करून पण चालणार नाही, आत्ताच बघायला हवं.

मी डॉक्टर नाही हे तुला माहीत आहे. तरी सांगते, स्लीव्हमध्ये पोटाचा पाऊण भाग किंवा त्याहून जास्त काढून टाकतात नि केळ्याएवढी नळी ठेवतात. जो भाग काढतात तिथेच घ्रेलिन नावाचं भुकेचं हार्मोन जास्त करून तयार होतं, म्हणून पहिल्या वर्षी तुला भूक म्हणजे काय ते आठवतच नसणार. पुढे शरीर हळूहळू सावरतं, भूक थोडी परत येते, नळी पण जराशी सैल होते, एवढं बऱ्याच जणांचं होतं. तुझी खरंच जास्त सैल झालीय का ते डॉक्टर दुर्बीण घालून किंवा बेरियमचं औषध पाजून एक्स-रे काढून सांगतील, तू आरशात पोट बघून नाही कळायचं. परत ऑपरेशन करतात काही जणांचं, आणि आता वजनाची आठवड्याला एक घ्यायची इंजेक्शनं पण आलीत, पण ते सगळं नंतरचं आणि डॉक्टरच्या हातचं. ते रीसेट डाएट मात्र करू नकोस. पाच दिवस नुसतं पाणी नि सूप प्यायलीस तर काटा दोन किलो खाली दाखवेल, त्यात बरंचसं पाणी असतं, सहाव्या दिवशी परत येतं. पोट म्हणजे काय ब्लाऊज आहे, टीप मारून आत घ्यायला?

आता मुद्द्याचं. तू लिहिलंयस मी जेवतच नाही. खरं आहे, तू जेवत नाहीस. तू पितेस आणि चघळतेस.

पेजेचंच घे. आपल्याकडे कुणी आजारी पडलं, कुणाचं ऑपरेशन झालं, की पहिली पेज. सासूबाईंना वाटतंय सुनेचं पित्ताचं ऑपरेशन झालंय, तेव्हा त्या मायेने उकड्या तांदळाची पेज करून हातात देतात, "पेज तरी घे गो, हलकी असता" म्हणून. पोट धड असलेल्या माणसाला हलकी. तुझ्या त्या नळीतून मात्र पेज पाण्यासारखी खाली उतरते, पोट भरलं असा निरोप वर जायच्या आधीच पोट रिकामं, आणि तासाभरात परत काहीतरी हवंसं वाटतं. पिठी-भाताचं तेच. कुळीथ चांगला, त्यात प्रोटीन भरपूर, पण वाटीभर पातळ पिठीत पीठ असतं दोन चमचे आणि बाकी पाणी. भातावर ओतून कालवलं की न चावता सुळकन जातं. अशा सुळकन जाणाऱ्या खाण्यावर वजन परत येतं, चिवडा, बिस्किटं, फरसाण, आइस्क्रीम सगळी त्याच जातीची. गंमत बघ, ज्या ज्या पदार्थाला आपण हलकं म्हणतो ते तुझ्यासाठी जड, आणि तव्यावर भाजलेला बांगडा, जो चावून चावून खायला पाव तास लागतो, तो तुझ्यासाठी हलका.

आणि काजू. बाय, मी पण काजूवाल्या घरातली, मला नको सांगू चार तुकडे. पाकळी एकीकडे, तुकडा एकीकडे, अख्खा एकीकडे असे ढीग करत बसलं की हात आपोआप तोंडाकडे जातो, आणि फुटका तुकडा काय, त्याला तसा पण भाव नाही, म्हणून तो खाल्ला असं वाटतच नाही! शंभर ग्रॅम काजूत साडेपाचशेच्या वर कॅलरी असतात. एक मूठ म्हणजे तीसेक ग्रॅम, अशा दुपारभरात चार मुठी गेल्या तर साडेसहाशे झाल्या, तुझ्या आत्ताच्या पोटाला ते जवळपास अर्ध्या दिवसाचं जेवण. एकदम चार मुठी तुला खाता येणारच नाहीत, पण दोन दोन तुकडे करून तीन तासात आरामात जातात. ऑपरेशनने एका वेळचं खाणं कमी होतं, दिवसभराचं चरणं नाही कमी होत. काय करायचं तर निवडायला बसताना तोंडाला रुमाल बांध, हसू नकोस, कारखान्यात पण बायका बांधतात. आणि मोजून दहा पाकळ्या वाटीत काढून ठेव, त्या संध्याकाळच्या, बसून खायच्या.

आता तुला न आवडणारं सांगते. तुझं खरं दुखणं पोटात नाही, त्या पित्ताच्या खड्यात आहे. खोटं सांगितलंस त्यात मी तुला दोष देत नाही, आपल्या गावात एखादी बाई जाडी आहे म्हणून पण बोलतात आणि बारीक व्हायला पैसे घातले म्हणून पण बोलतात. पण त्या खोट्यापायी तुला पेज नको म्हणता येत नाही, ताट परत करता येत नाही, अंडं मागता येत नाही, आणि गोळ्यांची पाकिटं लपवायला लागतात म्हणून त्या "उष्ण" पडल्या.

माझी स्वतःची गोष्ट ऐक. माझ्या आतेबहिणीचं बायपास झालं होतं, हृदयाचं नव्हे, वजनाचंच, त्यात अन्नाची वाट वळवून लवकर आतड्यात नेतात, आणि तिने पण घरात कुणाला सांगितलं नव्हतं, मला सुद्धा नाही. चतुर्थीला ती आमच्याकडे आली, मी तिच्या पानात दोन उकडीचे मोदक वाढले, वर तूप. ती नको नको म्हणत होती. मी म्हटलं, "बाप्पाचा प्रसाद नको म्हणतेस?" झालं, खाल्ले तिने. पंधरा-वीस मिनिटात ती पडवीत भिंतीला टेकून बसली, घामाने पदर ओला, छाती धडधडतेय, हात थरथरतायत, चेहरा पांढराफटक. आणि मी काय करावं? मी मीठ-मोहऱ्या आणून तिची दृष्ट काढली! तिला दृष्ट नव्हती लागली, गूळ लागला होता. गोड एकदम आतड्यात उतरलं की असं होतं, डंपिंग म्हणतात त्याला, बायपासवाल्यांना जास्त, स्लीव्हवाल्यांना कमी पण होऊ शकतं. तासाभराने उठली आणि मग स्वयंपाकघरात मला खरं सांगितलं. मला तिचा राग नाही आला, माझाच आला. आणि त्या दिवसापासून तिचं पान वाढायचं काम मी दुसऱ्या कुणाला देत नाही.

म्हणून सासूबाईंना सांग. वाडीला सांगायची काही गरज नाही, वाडीला "डॉक्टरांनी थोडं थोडंच खायला सांगितलंय" एवढं बास. पण जी बाई तुझ्या घरात चूल सांभाळते ती तुझ्या बाजूने हवी. दुपारी त्या पडवीत नारळ सोलायला नायतर भाजी निवडायला बसतील तेव्हा शेजारी बस आणि सरळ सांग, आई, माझं ऑपरेशन पित्ताचं नव्हतं, वजनाचं होतं, शुगर आणि गुडघ्यांची भीती होती म्हणून केलं, तुम्हाला सांगायला लाज वाटली. पैशांचं त्या विचारतीलच, तेव्हा नवऱ्याला पण जवळ बसव. दोन दिवस धुसफुस होईल, धर. मग त्यांना एक काम दे. "आई, माझ्या पानात आधी मासा वाढा" म्हण. कोकणातल्या सासूला काम दिलं की निम्मं भांडण तिथेच मिटतं.

मासा आधी का, तर तुला दिवसाला निदान ६० ग्रॅम प्रोटीन लागतं, आणि तू लिहिलेल्या जेवणात काजू धरून पण मला त्याच्या निम्मं दिसत नाही. प्रोटीन कमी पडलं की वजनाबरोबर ताकद जाते, केस जातात, आणि भूक लागत राहते. तेव्हा पानात आधी बांगडा, सौंदाळा, चिकन, अंडं जे असेल ते, मग भाजी, आणि जागा उरली तर शेवटी दोन घास भात. तुझी अडचण मला माहीत आहे, १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना बंदी, बाजारात मासा महाग नि शिळा, मग लगेच श्रावण, मग गणपती, म्हणजे आपल्याकडे जवळजवळ तीन महिने पानातला मासा गायब होतो आणि पेज-पिठी वाढते. तुझा काटा पावसाळ्यातच वर सरकतो का ते जरा मागे जाऊन बघ, मला तरी तसंच वाटतंय. त्या दिवसांत अंडी, खाडीतल्या तिसऱ्या नि कुर्ल्या, श्रावण पाळत असशील तर पनीर, घट्ट दही, मोड आलेल्या मुगाची नि कुळथाची उसळ, घट्ट, भाताशिवाय. सोडे-सुकट पण चालेल, खारट असतात म्हणून बीपी असेल तर जपून. हे करून पण भागत नसेल तर डाएटिशियनला विचारून प्रोटीन पावडर. सोलकढी जेवताना पिऊ नको, कुठलंच पाणी जेवणाबरोबर नको, अर्ध्या तासाने पी, नाहीतर आत गेलेलं सगळं वाहून खाली जातं.

गोळ्या उद्यापासून चालू कर म्हणणार होते, पण नाही, आधी रक्त तपासून घे, बी-१२, आयर्न, डी, कॅल्शियम, आणि मग डॉक्टर सांगतील त्या घे. जन्मभर घ्यायच्या आहेत त्या, कोर्स नसतो तो. माझ्या त्याच बहिणीने दोन वर्षं बी-१२ घेतलं नाही, तळपायाला मुंग्या यायला लागल्या, चप्पल पायातून निसटली तरी कळायचं नाही, मग इंजेक्शनांवर आली. आयर्न आणि कॅल्शियमची गोळी एकदम घेऊ नको, दोन तासांचं अंतर ठेव, आणि आयर्नची गोळी चहाबरोबर तर अजिबात नको. गुडघा दुखला म्हणून मेडिकलमधून कुठलीही पेनकिलर आणून गिळायची नाही, अल्सर होऊ शकतो. आणि हे वाचणाऱ्या पुरुष मंडळींसाठी, या ऑपरेशननंतर दारू पटकन आणि जास्त चढते, सवय पण लवकर लागते, गणपतीत "एकच" म्हणणारे मित्र तेव्हा तुम्हाला उचलून घरी आणायला नसतात.

चालणं तर हवंच, पण नुसतं चालून भागत नाही, अंगात ताकद राहिली पाहिजे. पाऊस असला तर पडवीत खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा ऊठ-बस कर, दिवसातून तीनदा. उघडीप असली तर घराकडची पाखाडी, पायऱ्यांची वाट, आहेच. वजन आठवड्यातून एकदा, एकाच वारी, सकाळी. रोज काट्यावर चढून रडायचं बंद.

गणपतीचं म्हणशील तर मोदक खा की! एक, अर्धा नैवेद्याच्या दिवशी नि अर्धा दुसऱ्या दिवशी, जेवण झाल्यावर सावकाश, रिकाम्या पोटी नाही. आरतीला घरोघर जाशील तेव्हा छोटा डबा बरोबर ठेव, प्रसाद हातात घ्यायचा, कपाळाला लावायचा, चिमूटभर तोंडात आणि बाकी डब्यात, घरी पोरं आहेतच. कुणी म्हटलं "वजन वाढला काय गो परत?" तर हसून "हो, थोडा वाढला" म्हण आणि फुगडीला उभी राहा, त्याच्यापुढे कुणाला काही बोलता येत नाही.

मुंबईच्या डॉक्टरला आजच फोन लाव, चतुर्थीच्या गर्दीत एसटीला आणि रेल्वेला जागा मिळत नाही, त्याच्या आधीची तारीख घे. नवऱ्याला बरोबर ने. आणि सासूबाई काय म्हणाल्या ते मला कळव, मी वाट बघतेय.

तुझी मावशी