काच फुटली, तर अणुकचऱ्याचे काय?

‘काच फुटते, मग अणुकचऱ्यासाठी काचच का?’ हा आपला प्रश्न रास्त आहे; मात्र कचरा काचेच्या बरणीत भरून ठेवतात, असे आपण गृहीत धरलेले दिसते. प्रत्यक्षात कचरा काचेचाच घटक होतो. वापरलेल्या इंधनातून युरेनियम आणि प्लुटोनियम काढून घेतल्यावर उरणारे तीव्र किरणोत्सारी आम्लद्रावण काचेच्या कच्च्या मालाबरोबर सुमारे हजार अंश सेल्सिअसला वितळवतात आणि तो रस पोलादी डब्यात ओततात. यालाच काचीकरण म्हणतात. काचेची रचना स्फटिकासारखी आखीव नसल्यामुळे लहानमोठ्या आकारांची डझनावारी मूलद्रव्ये तिच्यात एकाच वेळी सामावतात.

थंड होताना या काचेला तडे जातातच. पण त्या तड्यांतून सीझियम (कचऱ्यातील एक किरणोत्सारी मूलद्रव्य) बाहेर सांडत नाही. फक्त पाणी पोहोचलेच, तर त्याला भिडणारा पृष्ठभाग वाढतो. धास्ती खरी पाण्याची आहे, फुटण्याची नव्हे. त्यातही पृष्ठभागावर जेलसारखा थर धरतो आणि पुढची झीज मंदावते.

माझ्या मते अवघड भाग आहे तो काचेची कृती ठरवण्याचा, आणि त्याचे उत्तम उदाहरण आपल्या मुंबईतील तुर्भ्याचे (ट्रॉम्बे) आहे. तेथील जुन्या कचऱ्यात सल्फेट बरेच आहे, कारण प्लुटोनियम वेगळे करताना फेरस सल्फामेट हे गंधकयुक्त रसायन वापरले जाई. नेहमीच्या सोडियम बोरोसिलिकेट काचेत सल्फेट जेमतेम एक टक्का मुरते. उरलेले पिवळ्या क्षाराच्या रूपात रसावर तरंगते, सीझियम ओढून घेते आणि, सर्वांत वाईट म्हणजे, पाण्यात सहज विरघळते. म्हणून भाभा अणुसंशोधन केंद्राने तुर्भ्यासाठी सल्फेट अधिक सामावणारी बेरियम बोरोसिलिकेट काच तयार केली. एकाच संस्थेच्या दोन केंद्रांची काच वेगळी का, या आपल्या उपप्रश्नाचेही उत्तर यातच आहे.

भरलेले डबे तारापूरच्या साठवणगृहात हवेच्या नैसर्गिक प्रवाहाने थंड ठेवतात, कारण काच फार तापल्यास तिच्यात स्फटिक धरू लागतात. सीझियम-137चे अर्धायुष्य, म्हणजे ते निम्मे होण्याचा काळ, सुमारे 30 वर्षे असल्याने तीनशे वर्षांत त्याचा जेमतेम हजारावा हिस्सा उरतो. परंतु अमेरिशियम, नेप्च्युनियम या कचऱ्यातील दीर्घायुषी मूलद्रव्यांना तेवढा काळ पुरत नाही. त्यांच्यासाठी खोल खडकातील कायमचे भांडार लागेल. ते भारतात अजून उभे राहिलेले नाही, आणि काचीकरणावर आक्षेप घ्यायचाच असेल, तर तो या मुद्द्यावर घ्यावा.